रबरी कड्याखालचा काळा थर

मित्रांनो, मी एक जुनी निळी पाण्याची बाटली आहे आणि मी रागावलेली आहे. माझी गोष्ट ऐकून तुम्ही हळहळू नका. उठून आपापल्या बाटलीचे झाकण उघडून बघा, एवढेच मला हवे आहे.

साच्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्यातून आरपार दिसत असे. नारिन शहराच्या बाजारात सोळा वर्षांच्या बुरुलने मला घेतले. ती कुस्ती खेळते. पहिल्या दिवशी तिने मला मॅटच्या कडेला ठेवले आणि तिची जोडीदार चिनारा म्हणाली, "झकास आहे गं. चोच दाबली की उघडते?" मी किती मिरवले त्या दिवशी.

बुरुल मला धूत नसे, विसळत असे. म्हणजे घोटभर पाणी घालून दोनदा हलवायचे आणि ओतून द्यायचे. उन्हाळ्यात ती माझ्यात माक्सिम भरी. भाजलेल्या धान्याचे ते आंबट पेय, त्याचा साका झाकणातल्या रबरी कड्याखाली जाऊन बसे. शनिवारपासून सोमवारपर्यंत मी घामट मोज्यांबरोबर पिशवीत कोंडलेली. सहा महिन्यांत ते कडे एकदाही निघाले नाही. बुरुलचे पोट अधूनमधून बिघडे, तेव्हा ती मटणाला नावे ठेवी.

मग आमच्याच हॉलमध्ये विभागीय स्पर्धा आली. चिनाराची बाटली घरी राहिली होती.

"माझी घे की," बुरुल म्हणाली आणि मला तिच्या हातात दिले.

दुपारी चिनारा पोट धरून कोपऱ्यात बसली. उपांत्य फेरीला ती उभीच राहू शकली नाही.

"काय खाल्लंस?" प्रशिक्षक एसेन आगाय, म्हणजे एसेन सर, यांनी विचारले.

"दारातला सामसा."

हॉलच्या दारात उमसुनाय एजे पंधरा वर्षे सामसे, म्हणजे मटण भरून भाजलेले समोसे, विकत; एजे म्हणजे ताई. आगाय तडक त्यांच्याकडे गेले. "एजे, उद्यापासून तुमची टोपली इथे नको."

"सकाळी सहा पोरींनी याच टोपलीतलं खाल्लं. पाच जणी धडधाकट कुस्त्या खेळतायत. त्यांना कसं काही झालं नाही?"

"वाद घालू नका. मुलीचं वर्ष वाया गेलं."

एजेंनी टोपलीवर फडके टाकले आणि त्या निघून गेल्या. दोषी तिथेच पिशवीत पडली होती आणि तिला तोंड असून बोलता येत नव्हते. बुरुलला बोलता येत होते. ती बुटांच्या नाड्या बांधत राहिली.

तिसऱ्या दिवशी एजे आपले स्टूल न्यायला आल्या. बुरुल एकटीच मला हातात घेऊन बसली होती.

"आण ती इकडे," एजे म्हणाल्या. त्यांनी मला हुंगले आणि सुरीच्या टोकाने कडे उचकटले. खाली काळा, बुळबुळीत थर होता.

"हे पीत होतीस?"

"चिनारापण प्यायली," बुरुल हळूच म्हणाली. "मला त्याच दिवशी शंका आली होती, एजे."

एजेंनी बाह्या सरसावल्या. मग त्यांनी गरम पाणी आणि सोडा मागवला. किटलीची चोच घासायचा बारीक ब्रश काढला आणि माझे झाकण, चोच, कडे सुटे करून घासले. माझी चोच सहा महिन्यांत प्रथमच मोकळी झाली.

"हिला उलटी, उघडी वाळव. ओली कोंडलीस तर पुन्हा तेच. बाटली मी धुतली, बाकीचं तुझं तू निस्तर."

संध्याकाळी बुरुलने सगळ्यांसमोर ते कडे आगायांच्या हातावर ठेवले आणि खरे सांगितले. चिनारा तिच्याकडे न बघता उठून गेली. महिनाभर ती बुरुलशी जोडीला उतरली नाही. आगायांनी तिथल्या तिथे सगळ्यांच्या बाटल्या उघडायला लावल्या. सहांपैकी चार काळ्या निघाल्या. पाचवा काळा निघाला तो त्यांचा स्वतःचा थर्मास.

आगाय एजेंच्या घरी गेले. माफी मागितली. एजेंनी चहा पाजला, पण त्या परत आल्या नाहीत. आता त्या बसथांब्यावर सामसे विकतात.

मित्रांनो, मला नीट घासायला चार मिनिटे लागतात. बुरुल आता रोज घासते. पण ती चार मिनिटे तिने आधी काढली नाहीत, म्हणून एका बाईची पंधरा वर्षांची जागा गेली. माझा राग त्यावर आहे, आणि तो साबणाने जात नाही.