शून्याची खूण

मित्रांनो, माझ्या अंगावर दोनशे रेघा आहेत, आणि त्यांतली सगळ्यांत महत्त्वाची खूण कुणीच बघत नाही. ती माझ्या पायाशी आहे. तिच्यापायी जे घडले ते सांगायलाच मी आज तोंड उघडतो आहे. एरवी मी बोलणाऱ्यांतला नाही. खांबाने उभे राहावे आणि गप्प राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी बर्फ मोजायचा खांब. रोमानियाच्या उत्तरेकडच्या डोंगरात, इझ्वोर गावाच्या वरच्या कुरणात मी साठ-एक वर्षे उभा आहे. मूळचा मी लार्चचे झाड. हे लाकूड लवकर कुजत नाही म्हणून ओनिसिमने मला निवडले. ओनिसिम म्हणजे गावाचा बर्फ बघणारा माणूस. त्याने मला सोलले, तासले आणि पायाकडचा हातभर भाग विस्तवावर धरून काळा कुळकुळीत केला. जळकी कातडी पाणी धरत नाही. तो काळा भाग त्याने जमिनीत पुरला, आणि जिथे काळे संपून गोरे लाकूड सुरू होत होते, तिथे नेमकी माती आणली. तीच माझी शून्याची खूण. तिथून वर त्याने तापलेल्या सळईने एकेक सेंटिमीटरची रेघ डागली. एकशेवीसच्या रेघेवर लाल कडे रंगवले.

ते लाल कडे म्हणजे गावाचा कायदा होता. गावातून शेजारच्या खोऱ्यात जायला दोन वाटा. खालचा रस्ता अर्ध्या तासाचा, पण तो कोर्नूच्या उताराखालून जातो. दुसरी वाट धारेवरून, तीन तासांची, दमछाक करणारी. बर्फ लाल कड्याला पोहोचला की कोर्नूवरून तो केव्हा घसरेल, भरवसा नाही. मग ओनिसिम माझ्याशेजारच्या झोपडीच्या दाराशी टांगलेली लाकडी फळी तीनदा बडवायचा. फळीचा आवाज खोरेभर जायचा आणि खालचा रस्ता बंद व्हायचा. डोक्यावर हंडे असोत की दारात पाहुणे, फळी वाजली की लोक धारेवरूनच जायचे. मला याचा फार अभिमान होता. खोटे कशाला बोलू?

ओनिसिमची दोन मुले माझ्याच अंगाखांद्यावर वाढली म्हणा ना. मोठी साविना, धाकटा इलारिए. सात वर्षांची साविना बरोबर लाल कड्याएवढी होती. दरवर्षी तो त्यांना माझ्याशी पाठ लावून उभे करायचा आणि डोक्याच्या टोकाशी चाकूने खाच पाडायचा. शेवटची खाच लग्नाच्या दिवशी, असा त्या घराचा रिवाज. साविनाची ती खाच शरद ऋतूत पडली, तेव्हा कुरण कोरडे होते. इलारिए वीस वर्षांचा असताना सैन्यात गेला, त्या दिवशीची त्याचीही एक खाच आहे.

आता दुमित्रू संताच्या दिवसाचे सांगतो. त्या दिवशी आमच्याकडे मेंढ्या डोंगरावरून खाली येतात, मेंढपाळांचा हंगाम संपतो आणि हिवाळ्याचे दार उघडते. ओनिसिम पहाटेच एकटा वर यायचा. गुडघे टेकून माझ्या पायाशी हात फिरवायचा. मग बीचच्या लाकडाची जड मोगरी उचलून माझ्या डोक्यावर दोन-चार दणके घालायचा. पुन्हा वाकून बघायचा. तोवर ऊन यायचे, मेंढपाळ यायचे, आणि तो खिशातली प्लमच्या दारूची बाटली काढून घोटभर माझ्या पायाशी ओतायचा.

"म्हातारा खांबाला पाजतोय बघा," लोक हसायचे.

"पाजू दे. सहा महिने थंडीत तो उभा राहणार आहे, तू नाही," ओनिसिम म्हणायचा.

मोगरीचे दणके कुणी पाहिले नाहीत. दारू सगळ्यांनी पाहिली. मित्रांनो, इथेच घोटाळा झाला.

मोगरी कशासाठी, ते तुम्हाला कळले पाहिजे. ओली माती गोठली की फुगते, मला घट्ट पकडते आणि वर उचलते. वसंतात माती खाली बसते, पण मी बसत नाही, कारण माझ्या पायाखाली तोवर खडे आणि चिखल शिरलेले असतात. दर हिवाळ्यात मी असा बोट-दीड बोट वर येतो. मी वर आलो की रेघाही वर येतात. मग बर्फ असतो त्यापेक्षा कमी दिसतो. ओनिसिम दर वर्षी मला ठोकून जागेवर आणायचा, एवढेच.

एका वसंतात तो अंथरुणाला न खिळता, कुणाला काही न सांगता गेला. सकाळी चुलीपुढे बसलेला तसाच सापडला. काम साविनाकडे आले. तिने त्याच्या वह्या वाचल्या. दर वर्षी एकच ओळ होती: 'दुमित्रूचा दिवस. खांबाचे केले.'

"दारू ओतायची राहायला नको," ती भावाला म्हणाली. "बाबांनी एकही वर्ष चुकवलं नाही."

आणि तिनेही चुकवले नाही. चांगली, घरची, दोनदा गाळलेली दारू ती माझ्या पायाशी ओतायची, आणि तेवढ्याने न थांबता मला दर वर्षी चुन्याने पांढरा करायची, थेट मातीपर्यंत. लोक म्हणायचे, खांब म्हाताऱ्याच्या वेळेपेक्षा देखणा दिसतो. त्या चुन्याखाली माझा काळा पाय दर वर्षी थोडाथोडा उघडा पडत होता, आणि ती त्यालाही मायेने रंगवत होती. मोगरी तिने शेजारच्या मिरोनला देऊन टाकली. तो कुंपणाचे खुंट ठोकायला काहीतरी शोधत होता.

हा मिरोन परास्किवा मावशीचा एकुलता एक मुलगा. ओनिसिम गेल्यानंतरच्या सहाव्या हिवाळ्यात त्याने सकाळी वर हाक मारून विचारले, "साविना, खालून जाऊ का?"

तिने माझ्याकडे बघितले. एकशेबारा. "जा," ती म्हणाली. "आठ रेघा अजून बाकी आहेत."

बाकी काहीच नव्हते. मी तेव्हा अर्ध्या वितीहून जास्त वर आलो होतो, आणि बर्फ लाल कड्याच्या पुढे गेला होता. मला ठाऊक होते. माझ्या साऱ्या अंगाला ठाऊक होते. मिरोन दुपारपर्यंत परतला नाही, आणि संध्याकाळी माणसांनी त्याला कोर्नूच्या पायथ्याशी उकरून काढला. गाव म्हणाले, डोंगराने घेतला, डोंगराला कोण विचारणार. साविना परास्किवा मावशीच्या गळ्यात पडून रडली. लाकडाला रडता येत नाही, हे तेव्हा मला फार लागले.

आणखी चार हिवाळे गेले. इलारिएचे लग्न ठरले, शेजारच्या खोऱ्यातल्या मुलीशी. उपासाचा महिना लागण्याआधी उरकायचे म्हणून ऐन फेब्रुवारीत तारीख धरली. त्या आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला होता. खाली साखरेसारखा सुटा बर्फ, त्यावर वाऱ्याने थापलेला कडक थर, आणि त्यावर रात्रभर पडलेले नवे पीठ. याहून वाईट मांडणी नाही. साविनाने सकाळी पाहिले तेव्हा मी एकशेपाच दाखवत होतो.

"खालचा रस्ता खुला," तिने खाली सांगितले. गावात घोडे जुंपले गेले, सारंगीवाल्यांनी तारा लावल्या, लग्नाचे निशाण उभे राहिले.

पण निघण्याआधी शेवटची खाच पाडायची होती. इलारिए नवे बूट घालून, टोपीला मोरपीस लावून वर आला. खाच जमिनीवर उभे राहूनच पाडायची, म्हणून भाऊ-बहिणीने फावडी घेऊन माझ्या पायाशी खड्डा खणायला घेतला. इतक्या वर्षांत भर हिवाळ्यात माझ्या पायापर्यंत कुणी आले नव्हते. इलारिए खड्ड्यात उतरला आणि त्याने माझ्याशी पाठ लावली. साविना चाकू घेऊन वाकली आणि थबकली.

"काय झालं?" त्याने विचारले.

"तुझी सैन्यात गेलास तेव्हाची खाच वर आहे. तुझ्या डोक्याच्या वितभर वर."

तो हसला. "लग्नाच्या धास्तीनं खचलो असेन, ताई. भाऊजींचंही असंच झालं होतं का?"

साविना हसली नाही. "बाजूला हो," ती म्हणाली. ती स्वतः खड्ड्यात उतरली, माझ्याशी ताठ उभी राहिली आणि डोक्यावर हात धरून वळून बघितले. तिची लग्नातली खाचही वितभर वर होती.

"दोघंही एकाच मापानं कसे खचू?" ती हळूच म्हणाली.

मग ती गुडघ्यावर बसली आणि चाकूने माझ्या पायाचा चुना खरवडू लागली. पांढरे पापुद्रे पडले. त्याखाली काळे लाकूड होते. ती वर वर खरवडत गेली, आणि काळे लाकूड मातीपासून वितभर वर येऊन संपले. तिने तिथे तळहात ठेवला. तिचा बाप ठेवायचा तसाच.

"बाबा दारू ओतत नव्हते," ती म्हणाली. "म्हणजे ओतत होते, पण आधी... इलारिए, ते पहाटे मोगरी घेऊन कशाला यायचे रे?"

इलारिएच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. एकशेपाच आणि वीत किती होतात, तो हिशेब त्यालाही येत होता.

साविना धावली. तीनदा फळी वाजली. खाली सारंग्या थांबल्या. वरातीचा म्होरक्या पांढऱ्या मिश्या फेंदारून चढत वर आला.

"साविना, सकाळी खुला, आता बंद? हे काय पोरखेळ आहेत? धारेवरून गेलो तर अंधार पडेल. मुलीकडची माणसं दारात उभी आहेत, आमचं नाक कापशील."

"कापलं तर कापलं. धारेवरून जा."

"ताई सांगते तसं," इलारिए म्हणाला, आणि घोड्याचे तोंड स्वतः वळवले.

ते दिवे लागायच्या वेळेला पोहोचले. मुलीकडच्यांनी यथेच्छ टोमणे मारले, म्हणे नवरदेव रांगत आला का. त्या दिवशी कोर्नूवरून मूठभरही बर्फ घसरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "साविनाबाईंना बर्फाची स्वप्नं पडतात," असे गावात बोलले जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी, लख्ख उन्हात, अख्खा उतार खाली आला. खालच्या रस्त्याची फाटकेसुद्धा पुन्हा सापडली नाहीत.

मग काय विचारता. रविवारी चर्चबाहेर लोकांनी साविनाचे हात धरले. म्होरक्याने सगळ्यांदेखत टोपी काढली. कुणीतरी वर येऊन लग्नाचा भरतकाम केलेला टॉवेल माझ्या गळ्यात बांधला. मला तो नकोसा झाला होता, पण काढणार कसा?

साविनाने तो सन्मान घेऊन गप्प राहायचे ठरवले असते, तर कुणाला काही कळले नसते. चुन्याचा एक हात, की संपले. पण ती गर्दीतून सरळ परास्किवा मावशीपुढे गेली. म्हातारी काळ्या रुमालात एका कडेला उभी होती.

"मावशी, मिरोन गेला त्या दिवशी रस्ता बंद हवा होता," ती म्हणाली. "खांब वर आला होता. मी बघितलं नाही. डोंगरानं नाही नेलं त्याला. मी जा म्हणाले म्हणून तो गेला."

परास्किवा मावशीने तिच्याकडे खूप वेळ बघितले. मग ती वळून घराकडे चालू लागली.

वसंत गेला, उन्हाळा गेला. म्हातारी साविनाशी बोलली नाही. साविना तिच्या दारात दूध ठेवायची, ते संध्याकाळी तसेच असायचे. साविना माझ्याजवळ येऊन बसायची. आम्हा दोघांचा गुन्हा एकच होता, आणि तो आम्ही मन लावून, रंगरंगोटी करत केला होता.

दुमित्रू संताच्या दिवशी पहाटे ती वर आली. माझ्याभोवतीची माती तिने आदल्या दिवशीच सैल केली होती, पायाखालचे खडे उपसले होते. तिच्या हातात गावातून मागून आणलेला घण होता. तो उचलणार तोच खालून पावले वाजली. परास्किवा मावशी येत होती. दर दहा पावलांवर थांबत होती, कारण तिच्या खांद्यावर ओनिसिमची मोगरी होती.

"ही घे तुमची," ती धापा टाकत म्हणाली. "माझ्या पडवीत उगाच पडून होती. लोखंडानं डोकं फुटेल त्याचं."

साविनाने हात पुढे केले, पण म्हातारीने मोगरी सोडली नाही.

"कुठवर ठोकायचं, ते दाखव."

साविना गुडघ्यावर बसली आणि काळे संपते तिथे बोट लावले. परास्किवा मावशीने लाकडी पेटीवर चढून मोगरी उचलली. पहिला दणका बसला तेव्हा मी मुळापासून हादरलो. त्या दणक्यात मिरोन होता. दुसऱ्यातही होता. तिसऱ्यानंतर ती खाली उतरली आणि मोगरी साविनाच्या हातात दिली.

"उरलेले तू घाल," ती म्हणाली. "आणि उद्यापासून दूध दारात ठेवू नकोस. मांजर पितं. आत आणून दे."

साविना रडत रडत मला ठोकत राहिली. मी खाली जात राहिलो. शेवटी म्हातारीने वाकून मातीवर तळहात ठेवला आणि "बास," म्हणाली.

मित्रांनो, आज माझ्या शेजारी लोखंडी यंत्र उभे आहे. ते आकडा आपोआप शहरात पाठवते. माझ्याकडे कुणी बघत नाही, आणि मला त्याचा राग नाही. माझे एवढेच मागणे आहे. ज्याच्या शब्दावर तुम्ही चालता, त्याला नुसते रंगवू नका, त्याच्यापुढे नुसती दारू ओतू नका. वर्षातून एकदा गुडघे टेका आणि त्याच्या पायाशी हात घालून बघा. त्या यंत्राचेही पाय याच मातीत आहेत, आणि गेल्या दोन हिवाळ्यांत ते बोटभर वर आले आहे. साविना आता म्हातारी झाली, तिला इतके वर चढवत नाही. मोगरी झोपडीच्या दारामागे आहे.