भाकरीवरची बोटं

इंदिराबाईंच्या भाकरीवर बोटं असायची. बसवकल्याणच्या स्टँडमागं चार-सहा बायांना घेऊन त्या कडक भाकरी करू लागल्या, तेव्हाच त्यांनी नेम घालून दिला होता. तव्यावर टाकण्याआधी शेवटची थाप जरा दाबून द्यायची. बोटं उमटली पाहिजेत. एखादी भाकरी कच्ची निघाली किंवा कचकच लागली, तर बोटं बघून कळायचं कुणाची ते. मग ती बाई स्वतः दुसरी करून गिऱ्हाइकाला नेऊन द्यायची. इंदिराबाईंची बोटं तर लांबूनच ओळखू यायची. लहानपणी मोडलेली करंगळी वाकडीच बसली होती.

पुढं हात थरथरू लागले. मुलगा बुद्धरत्न म्हणाला, "आई, आता तू बस. नौबादला मोठी जागा घेऊन कारखाना काढतो. बायांनाबी तिकडंच नेतो."

जाण्याआधी त्यानं ओल्या प्लास्टरमध्ये आईचा पंजा उठवून घेतला. आठवण म्हणून ठेवणार असेल, असं वाटून त्यांना भरून आलं. ठसा नीट यावा म्हणून त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

वर्षभरानं त्यांनी हट्टच धरला, कारखाना बघायचाय. मल्लव्वासाठी शेंगाच्या चटणीचा डबा घेतला. मल्लव्वा भाकरी थापणाऱ्या बायांतली त्यांची सगळ्यात जुनी सोबतीण. बरेच दिवस घरी आली नव्हती. कामाच्या रगाड्यात असेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

नौबादच्या शेडमध्ये एकही बाई नव्हती. मशीनच्या एका टोकाला पीठ पडत होतं, दुसऱ्या टोकाला भाकऱ्या. इंदिराबाईंनी एक भाकरी उचलली. बोटं होती. दुसरी उचलली. तीच बोटं. करंगळी वाकडी.

"हे काय रं?"

"तुझाच हात, आई!" बुद्धरत्न हौसेनं म्हणाला. "साचा करून घेतलाय. लोकं आधी बोटंच बघतात."

पाकिटावर त्यांचा फोटो होता. खालची ओळ त्यांनी अक्षर लावत वाचली: 'आईनं हातानं थापलेली.'

"बाया कुठं हायत?"

"रोज इतक्या लांब कोण येणार? राहिल्या तिकडंच."

"आन् मी ही कधी थापली?"

"जाहिरात हाय ती, आई. समदेच करतात."

"चौथं शील म्हण बघू."

बुद्धरत्न कसनुसं हसला. लहानपणी विहारात आईला खेटून बसून तो पाचही शीलं म्हणायचा आणि चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, नेमका अडखळायचा. ती न रागावता पुन्हा म्हणवून घ्यायची. आज तो पाकिटांची चळत सारखी करू लागला.

"मशीनीवरची हाय, नीट भाजलेली हाय. तेवढं खरं हाय ना? मग तेवढंच लिही. माझा हात काढ."

"मग दुसऱ्यात आन् आपल्यात फरक काय राहिला?"

"फरक होता तो तू घरी बसवलास, बाबा."

"ही खेप जाऊ दे. पुढं बघू."

त्याचं 'बघू' इंदिराबाईंना त्याच्या लहानपणापासून ठाऊक होतं.

परतताना हुमनाबादच्या पुढं मल्लव्वाचं गाव लागलं. त्यांनी गाडी थांबवायला लावली. बुद्धरत्न खाली उतरला नाही.

मल्लव्वानं चटई टाकली, पण नजर दिली नाही. "वाट चुकलीव का, अक्का?"

"तू नौबादला कामून गेली न्हाईस?"

"कुणी बोलवलं?" मल्लव्वा म्हणाली. "दुकानात तुमची भाकरी बघितली. बोटं बघून जीव हरखला बघा. म्हटलं, अक्काचे हात बरे झाले, थापायलीय पुन्हा. रोज वाटायचं, आज सांगावा येईल. मग वाटलं, बाकीच्यांना नेलं आन् मलाच तेवढं वगळलं. म्हणून आले न्हाई."

तिनं ताटलीत भाकरी आणि इंदिराबाईंनी आणलेली चटणी पुढं केली. भाकरीच्या कडेला तिची जाड, आखूड बोटं उमटली होती. स्वतःच्या घरातल्या भाकरीवरही नेम मोडला नव्हता. इंदिराबाईंनी ताटली धरली, तशी ती खडखड वाजू लागली.

मल्लव्वानं तो हात धरला. उलटसुलट करून पाहिला.

"अक्का, हे थरथरणं तर तसंच हाय. मग पाकिटातली ती बोटं कुणाची?"

इंदिराबाईंनी बाहेर उभ्या गाडीकडं पाहिलं.

"माझीच," त्या म्हणाल्या. "माझीच हायत, मल्लव्वा."

भाकरी खोटी निघाली होती आणि बोटं त्यांची होती; नेमाप्रमाणं आता त्यांनी दुसरी करून द्यायला हवी होती. त्यांनी कोपऱ्यातल्या परातीकडं पाहिलं, मग मल्लव्वाच्या ओंजळीत थरथरणाऱ्या आपल्या हाताकडं.