बुधवारचे दोरीचे गोल

दर बुधवारी मी तिसरीच्या मुलांना शाळेमागच्या मोकळ्या जागेत नेत असे. प्रत्येकाच्या हाती दोरीचा एक गोल. तो जमिनीवर टाकायचा, काठाशी बसून आत काय काय चाललंय ते पंधरा मिनिटं बघायचं, मग वहीत काढायचं. मुलं रमली की मी भिंतीच्या सावलीत डोळे मिटून माझी रोजची जपाची माळ पुरी करून घेई. सकाळच्या घाईत ती कधी पुरी होत नसे. देवाचंही होतं, शाळेचंही होतं, कुणाचं काही अडत नाही, असं मला वाटे.

वर्गातली एक मुलगी वर्षभरात अवाक्षर बोलली नव्हती. मुलं तिला 'रेडिओ' म्हणत. मी दटावलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बंद रेडिओ, बाई!"

परीक्षेआधी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावलं. समोर एक कागद होता. ही मुलगी शाळेत बोलते की नाही, एवढंच मी लिहायचं होतं. नाही म्हटलं, तर तिला न बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत घालणार होते. दोन बस बदलून जावं लागे तिथं.

चहा आणणारे शिपाईमामा दारातच थबकले. "कोण, ती? अहो, बुधवारी माझ्या खिडकीखाली बसते आणि तोंडाला खळ नसतो पोरीच्या!"

"तुम्ही ऐकलंत का, बाई?" मोठ्या बाईंनी विचारलं.

स्वतः न ऐकलेलं सांगायचं नाही, हा माझा जुना नेम.

"मी नाही ऐकलं."

"मामा, चहा ठेवा तो, गार होतोय. लिहा मग, बाई."

एक बुधवार थांबू या, एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण मी लिहिलं, 'बोलत नाही', आणि सही केली. वर समाधान असं, की खोटं लिहिलं नाही.

सोमवारपासून ती यायची बंद झाली. त्या बुधवारी मी माळ पिशवीतून काढलीच नाही, मुलांमध्ये जाऊन बसले. मुलं गोल टाकून एकमेकांची तोंडं बघत होती.

"अरे, बघा ना आत!"

"काय बघायचं ते रेडिओ सांगायची," एकजण म्हणाला. "मुंगी मेलेला किडा ओढताना उलटी चालते, हे तिनंच दाखवलं."

"मग माझ्यासमोर का नाही बोलली कधी?"

"तुमचे डोळे उघडले की गप्प. मिटलेले असले, तरी कुजबुजतच. म्हणायची, बाईंची पूजा मोडेल."

कुजबूज दर बुधवारी कानावर येत होती. चित्त ढळू नये म्हणून मीच मन पुन्हा मण्यावर आणत होते. ऐकलं नाही म्हणाले. खरं तर ऐकून घेतलं नव्हतं.

तशीच मोठ्या बाईंकडे गेले, सगळं सांगितलं.

"कागद गेला, बाई. आता वर्षभर तिथले लोक बघतील, मग ठरेल," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवेना.

"त्या शाळेला मागे मोकळी जागा आहे का हो?"

"तिसऱ्या मजल्यावर भरते ती," त्या म्हणाल्या आणि हजेरीपट पुढे ओढला.