किल्लीचा चौथा दात

आमच्या दुकानाची वाटणी होणार होती आणि तिचं कारण कुणालाच पटत नव्हतं.

कारण अगदी साधं होतं. बाबा आणि काका यांचं रातोरातवरून फाटलं होतं. रातोरात हा कॉमिकमधला नायक. एका रात्रीत धरण बांधतो, तेच धरण चुकीच्या जागी बांधलं म्हणून दुसऱ्या रात्रीत पाडतो आणि पहाटे घरी येऊन स्वतःच्या किल्लीने दार उघडतो, कारण बायकोची झोपमोड झालेली त्याला चालत नाही. या दोघा भावांनी शाळेत असल्यापासून त्याचा एकही अंक सोडलेला नाही. मग एका अंकात गंजराजने, म्हणजे ज्याचा हात लागला की लोखंड गंजतं त्याने, गिरणीचं धुराडं रातोरातच्या डोक्यावर पाडलं. रातोरात मेला. पुढचे सहा अंक त्याच्याशिवाय निघाले. सातव्यात तो पँट झटकत आला, पट्ट्यातून किल्ली काढली आणि घरात गेला.

काका म्हणाले, "आला!"

बाबा म्हणाले, "हा तोतया आहे."

आमचा धंदा कुलूप-किल्लीचा. आमच्या घरात माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी किल्ली. बाबांनी भिंग लावून पाहिलं होतं. मेलेल्या रातोरातच्या किल्लीला चार दात होते आणि परत आलेल्याच्या किल्लीला तीन.

"चित्रकार बदलला, दादा! नव्याने घाईत काढली."

"चित्रकार बदलला म्हणून घराचं कुलूप बदलतं का रे?"

"बायकोचं नाक बदललंय, ते बरं चालतं तुला!"

"नाकाने दार उघडत नाहीत!"

इथपर्यंत ते हसण्यावारी गेलं असतं. पण काका म्हणाले, "तू मत्सरी आहेस. तुला कुणी परत आलेलं बघवत नाही." त्यावर बाबा इतक्या जोरात ओरडले की भिंतीवरची कुलपं हलली. "माझा माणूस अजून त्या धुराड्याखाली पडलाय! एकानेही वीट उचलून बघितली नाही. सगळे लागले पुढच्या अंकाला. तूसुद्धा!"

त्या दिवशी दुकानाच्या मधोमध खडूची रेघ आली.

रेघेच्या अलीकडे बाबा आणि कुलपं. पलीकडे काका आणि किल्ल्या करायचं मशीन. रेघ बरोबर माझ्या स्टुलाखालून गेली. मला घरात खिट्टी म्हणतात आणि मी काउंटर सांभाळते. कुलपातले लीव्हर, म्हणजे किल्लीचा एकेक दात उचलतो त्या पट्ट्या, बसवायला मला बाबांनी शिकवलं, कानस धरायला काकांनी. एकाने उजवा हात शिकवला, दुसऱ्याने डावा, असंच म्हणा ना. आता दिवसभर माझं काम निरोप पोचवायचं होतं. "खिट्टे, तुझ्या काकाला सांग, पितळ संपलंय." काका चार हातांवर. "काका, पितळ संपलंय." "त्याला सांग, मला ऐकू येतं." "बाबा, त्यांना ऐकू येतं." "त्याला सांग, मग आण म्हणावं."

गिऱ्हाइकांचे हाल तर विचारूच नका. एका गृहस्थांनी बाबांकडून कुलूप घेतलं आणि किल्ली मागितली. बाबांनी रेघेकडे बोट दाखवलं. काकांनी पलीकडून विचारलं, "कुठल्या कुलपाची?" ते रेघेवर उभे राहून माझ्यावर भडकले. "तक्रार कुठे करायची?"

"तुम्ही उभे आहात तिथेच," मी म्हणाले.

नातेवाइकांना वाटलं, पाणी कुठेतरी दुसरीकडेच मुरतंय. जो येई तो आवाज खाली आणून म्हणे, "बरं, आता खरं कारण सांगा." प्लॉट आहे का? आमच्याकडे प्लॉट नाही हे कळल्यावर लोकांचा संशय दुप्पट झाला. काकूने काकांना शपथ घालून विचारलं, "बाई आहे का कुणी?" काका म्हणाले, "पोलादी मावशी आहे, पण तिचं मासिक वेगळं." काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

शेवटी मामांना बोलावलं. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. वाटणीचे कागद लिहून देणं हा त्यांचा धंदा आणि व्यसनही. त्यांनी एकदा दोन भावांमध्ये जिना वाटून दिला होता, वर जायचा थोरल्याला आणि खाली यायचा धाकट्याला. थोरला अजून गच्चीवर जेवतो म्हणतात.

मामा सकाळीच आले. काकांनी त्यांना कोपऱ्यात बसवून पहिल्या अंकापासून सगळं समजावलं. धरण, धुराडं, किल्ली, नाक, सगळं. मामा मान हलवत होते. "कळलं. कळलं. पुढे?" बाबांनी आपली बाजू एका वाक्यात मांडली. "दात मोजा." मामा म्हणाले, "मोजू, मोजू," आणि दुकान मोजायला टेप काढली.

त्या सकाळी दुकानात आणखी एक गोष्ट होती. बाबांनी महिनाभर खपून रातोरातच्या घराचं कुलूप बनवलं होतं. जुन्या अंकातली किल्ली समोर ठेवून त्यांनी चार दातांना चार लीव्हर बसवले होते आणि ते कुलूप मागच्या खोलीच्या दाराला लावलं होतं. चार दातांची किल्ली त्यांनी कानशीने घासून केली होती, कारण मशीन शत्रूच्या मुलखात होतं, आणि चाचणीआधी ती लावून बघणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. काकांनीही हट्टाने नव्या अंकातली तीन दातांची किल्ली पाडली होती. तीन दातांनी दार उघडलं तर काका खरे, नाही उघडलं तर बाबा. संध्याकाळी सगळ्यांसमोर चाचणी होती. दोघांनीही एकमेकांची वस्तू बघितली नव्हती. बघायला मागणं म्हणजे माघार.

मामांना चाचणीशी घेणंदेणं नव्हतं. त्यांचा कागद तयार होता. मधे प्लायवूड, मशीन काकांना, गल्ला निम्मा निम्मा, खाली दोघांच्या सह्या आणि साक्षीदार म्हणून मामांची.

"आता ही पोरगी," मामा पेनाने माझ्याकडे दाखवत म्हणाले. "ही कुणाच्या वाट्याला?"

बाबा कुलूप पुसत राहिले. काका मशीन पुसत राहिले.

"सोमवार ते बुधवार दाजींकडे, पुढे धाकट्यांकडे? की स्टूल इकडे आणि पोरगी तिकडे? पोरी, तूच सांग. संध्याकाळी मला नाव लागेल. रिकामी जागा सोडून कागद होत नसतो."

माझं डोकं फिरलं. मामांवर तर फिरलंच, पण त्याहून जास्त या दोघांवर. पँटवर अंडरवेअर घालणाऱ्या माणसासाठी महिनाभर गळा काढत होते आणि इथे पोटची नि पुतणी अशी एकाच देहातली पोरगी टेपने मोजली जात होती, तर दोघांना पुसायला फडकं पुरत नव्हतं.

"आधी मागची खोली मोजा," मी मामांना म्हणाले. "ती राहिली तर पुढे भांडण होईल."

"हुशार आहेस," असं म्हणून मामा आत गेले. मी दार लावलं. जरा जोरातच लावलं. खट्ट झालं.

बाबांनी मान वर केली. "खिट्टे, तू काय केलंस?"

"दार लावलं."

"ते आपोआप लागणारं कुलूप आहे!"

"मग काय झालं? किल्ली आहे ना. दोन आहेत."

बाबांनी चार दातांची किल्ली घातली. ती गेली, पण फिरेना. काका रेघेपलीकडून हसले. बाबांनी जोर लावला, शिवी घातली, पुन्हा जोर लावला. मग काका तीन दातांची किल्ली घेऊन थाटात आले. ती निम्मी फिरली आणि अडकली.

आतून मामा म्हणाले, "काय चाललंय?"

"चाचणी," मी म्हणाले.

"तुझं कुलूपच भिकार आहे!" काका म्हणाले. त्यांचा एक पाय रेघेच्या अलीकडे होता. "तिसरा लीव्हर घासतोय, मला हाताला लागतंय."

"तुझ्या किल्लीचा खांदा तिरका आहे, म्हणून घासतोय! आंधळ्याने पाडल्यासारखी पाडलीयस!"

"मला न दाखवता कुलूप केलंस तर अंदाजाने पाडू नको तर काय करू?"

"मग विचारायचं!"

"कुणाला? हिला?"

"उघडा!" मामा ओरडले. "इथे पंखा नाही!"

"फोडूया का?" मी विचारलं.

"खबरदार!" दोघं एकदम म्हणाले. रातोरातच्या घराचं कुलूप जगात एकच होतं. मामा काय, घरात आणखी दोन होते.

मग त्यांनी तेच केलं जे बंद कुलपापुढे लहानपणापासून करत आले होते. काकांनी मेणबत्ती लावली, कोरी किल्ली ज्योतीवर धरून काळी केली, बाबांनी ती कुलपात घालून हलवून काढली. काजळी जिथे खरवडली तिथे घासायचं. पुन्हा काळी, पुन्हा आत. एक दारापाशी, एक किल्ली आवळून धरणाऱ्या वाइसपाशी.

"दुसऱ्याला अजून केसभर घे."

"मला शिकवू नको."

"केसभर म्हटलं, गाढवा, अख्खी जट नव्हे!"

"तू किल्ली तिरकी धरतोयस, दादा. नीट धर."

"रागाने तिरकी होतेय!"

मला कुणी निरोप सांगेना. मी स्टुलावर बसून राहिले. खडूची रेघ दोघांच्या चपलांनी केव्हाच फिस्कटली होती. आतून मामा आधी देवाला, मग पोलिसांना, मग आईला हाका मारत होते.

किल्ली फिरली. बाबांनी ती उजेडात धरली. तीन दात पूर्ण होते आणि चौथ्याचा निम्मा.

"चौथा आहे!" बाबा ओरडले.

"याला दात म्हणतात? हा तर कानशीचा ओरखडा आहे!" काका ओरडले.

तेवढ्यात मामा बाहेर आले. घामाने न्हालेले, लालबुंद. त्यांनी सरळ कागद काउंटरवर आपटला. "सह्या करा! आत्ताच्या आत्ता! आणि तू, नाव बोल!"

मी मामांकडे नीट बघितलं. खरं सांगायचं तर मला सुचलं ते रागातच सुचलं.

"बाबा," मी म्हणाले, "आत जाताना मामांचं घड्याळ डाव्या हातात होतं ना?"

आता घड्याळ उजव्या हातात होतं.

बाबांनी भिंग उचललं. "भांगही," ते हळूच म्हणाले. "भांग डावीकडे होता."

"अरे, घाम पुसला! घड्याळाच्या बकलाने कुलूप खरवडत होतो, अंधारात कुठल्यातरी हातात घातलं!"

"दादा, असं होतं," काका म्हणाले. "माणूस अंधारातून आला की थोडा बदलतो. मी कधीपासून सांगतोय."

"शाबास!" मामा काकांना म्हणाले. "तुम्ही तरी शहाणे आहात."

"एक मिनिट," काका म्हणाले. "मामा, धुराडं कुणी पाडलं?"

"कसलं धुराडं?"

"गिरणीचं. कुणाच्या डोक्यावर पडलं?"

"मला काय माहीत कुणाच्या डोक्यावर पडलं! पडलं असेल!"

काकांचा चेहरा पडला. सकाळी दीड तास त्यांनी मामांना सगळं समजावलं होतं, तोंडाला फेस येईपर्यंत. मामा "कळलं, कळलं" म्हणाले होते. काका बाबांकडे वळले आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांच्याशी सहमत झाले. "दादा, हा तो नाही."

"मग साक्षीदार म्हणून नाव कुणाचं लिहायचं?" बाबांनी कागद दोन बोटांनी उचलून मामांच्या हातात दिला. "तुम्ही कोण ते आधी ठरू द्या. मग सह्या."

मामा जे बोलले ते मी लिहीत नाही. त्यातलं छापण्यासारखं एवढंच, की या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही आणि आमची कुलपं आमच्या छातीवर पडोत. वाटणीच्या कागदाचे त्यांनी स्वतःच चार तुकडे केले. सवयीप्रमाणे अगदी समान.

संध्याकाळी आई आली. मामांचा फोन तिला गेला होता.

"माझ्या भावाला कोंडलंत? लाज नाही वाटत?"

"तुझाच भाऊ होता का ते आधी बघ," बाबा म्हणाले.

"वहिनी, खरंच," काका म्हणाले. "आम्हाला शंका आहे."

आईने दोघांकडे असं बघितलं की मी स्टूल मागे सरकवलं. मग तिने फोन लावला. "अण्णा, एकच विचारते. लहानपणी मला पाण्याच्या टाकीत कुणी ढकललं होतं?" पलीकडून बराच वेळ बडबड ऐकू आली. आईचे ओठ मिटत गेले. तिने फोन ठेवला.

"तोच आहे," ती म्हणाली. "अजून म्हणतो, तूच पडलीस. आला परत कागद घेऊन तर मला सांगा." आणि आली तशी तणतणत गेली.

काका टाळी वाजवून उठले. "ऐकलंस, दादा? घड्याळ बदललं, भांग बदलला, तरी माणूस तोच! आता तरी मान!"

"मामांचं आणि रातोरातचं काय एक?" बाबा उसळले. "मामांवर धुराडं पडलं होतं?"

"पडायला हवं होतं!"

"ते वेगळं! मुद्दा दातांचा आहे! खिट्टे, तुझ्या काकाला सांग..."

"आणि हिला मधे कशाला घालतोस? मी समोर उभा आहे!"

"मग ऐक, समोरच ऐक!"

दारात एक बाई केव्हाची ताटकळत उभी होती. तिला कुलूप हवं होतं, किल्लीसकट. भिंतीवरून मी कुलूप काढलं, मशीनवर किल्ली पाडली, घालून फिरवून बघितली. आता कुणाची परवानगी घ्यायची गरज नव्हती.

"काय झालंय यांना?" तिने पैसे देताना हळूच विचारलं.

मी तिला खरं कारण सांगितलं. तिचा अर्थातच विश्वास बसला नाही.