रूथचा राग

सेवादासनं दुसरं कडवं उचललं आणि श्रावण सरांनी डस्टर टेबलावर आपटला.

सूर मधेच तुटला. वर्गातले अकराही जण आपापल्या वहीत काहीतरी शोधू लागले. मागच्या बाकावर अक्षयनं हसू दाबायला तोंडापुढं पवित्र शास्त्र धरलं, आणि ते उलटं धरलं.

“हे काय चाललंय, राठोड?”

“उपदेश, सर. रूथ, पहिला अध्याय.”

“कागद कुठे आहे?”

“पाठ आहे सर. गाणं आहे.”

“मी गाणं विचारलं नाही. कागद विचारला.” सर उठून व्यासपीठाशी आले. “प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. वीस मिनिटं. चार वर्षं तुम्हाला हेच शिकवतोय मी. हे धर्मशास्त्राचं कॉलेज आहे. रडवण्याची पदवी कुठे मिळत असेल तर तिकडे चौकशी कर. यवतमाळात तरी मिळत नाही.”

वर्ग हसला. सेवादासनं व्यासपीठाची कड इतकी घट्ट धरली होती, की जागेवर जाऊन बसल्यावरही बोटं आखडलेलीच राहिली.

त्याचे वडील लालसिंग यांना अक्षरओळख नव्हती. डफ घेऊन ते दारव्ह्याच्या बाजूचे तांडे फिरायचे आणि हरवलेल्या मेंढराची गोष्ट अशी गायचे, की सकाळी ज्याच्याशी भांडण झालं त्याच्या दारात संध्याकाळी लोक जाऊन बसायचे. गातागाता थांबून दोन वाक्यं साधी बोलायचे, पुन्हा गायचे. तीच त्यांची उपदेशाची रीत. ती ऐकतच सेवादास वाढला आणि तिच्यासाठीच कॉलेजात आला. इथं आल्यावर कळलं की त्या रीतीला उपदेशशास्त्राच्या पुस्तकात पानच नाही.

आता शेवटचं वर्ष होतं. शेवटची परीक्षा म्हणजे खऱ्या मंडळीपुढं उपदेश. मागं बसून सर गुण देणार. सेवादासच्या वाट्याला त्याचाच तांडा आला होता. राळेगावच्या मंडळीनं पाळक म्हणून त्याचं नाव मागून घेतलं होतं. पदवी मिळाली तर तो तिथं जाणार होता. नाहीतर तिथं दुसरा माणूस जाणार होता.

“कागद वाच ना बावा,” मेसमध्ये अक्षय म्हणाला. “वीस मिन्टं. मंग राळेगावले जाऊन जिंदगीभर गा. कोण येते आयकाले?”

“माह्या बापाचं गाणं आयकून माणसं दारू सोडत होते. याच्या तीन मुद्द्यानं कोणी बिडी तरी सोडली का?”

“मी सोडलती. दोन दिवस.”

सेवादास हसला नाही. त्यानं ताटातली भाकरी न खाता तिचे तुकडे तुकडे केले. त्या आठवड्यात त्यानं दोन उपदेश तयार केले. एक कागदावर, तीन मुद्द्यांचा, स्वच्छ अक्षरात. दुसरा ढावल्याच्या चालीवर. तांड्यातली लेक सासरी निघते तेव्हा एकेकीच्या गळ्यात पडून रडत जे म्हणते, तो ढावलो. त्यात त्यानं रूथ बसवली होती: विधवा झालेली, माहेर, मुलूख, सगळं मागं टाकून सासूबरोबर परक्या गावी निघालेली. कागद सरांना दाखवायचा आणि ढावलो गायचा, असं त्यानं ठरवून टाकलं. नापास करायचं तर अख्ख्या मंडळीच्या देखत करू दे.

रविवारी सकाळी एस.टी.नं दारव्हा आणि तिथून जीप. सरांच्या मांडीला वांग्यांचं पोतं टेकलेलं होतं.

“तुला वाटत असेल मला गाण्याचा तिटकारा आहे,” सर म्हणाले.

सेवादास बाहेर बघत राहिला.

“माझ्या लहानपणी आमच्याकडे ख्रिस्ती कीर्तन व्हायचं. माणसं ढसाढसा रडायची. दुसऱ्या दिवशी विचारलं, काय सांगतलं काल? तर कोणाले सांगता येत नव्हतं. लय रडलो, एवढंच सांगायचे.” रागात किंवा जुन्या आठवणीत सरांच्या बोलण्यात वऱ्हाडी यायची. आत्ता यातलं कोणतं कारण होतं ते कळलं नाही.

“रडणं काही कमी असते का, सर?”

“कमी नसते. पुरत नाही.”

तांड्यात शिरल्यावर घराच्या अंगणात बिजलीबाईनं सरांना खाट टाकून दिली. सेवादासची याडी, म्हणजे आई. गुडघ्यांनी थकलेली, पण आवाज खणखणीत.

“बसा साहेब. घर खाली हाय आमचं. याचा बाप गेला. तीन वर्सं झाले, थोरला गेला, कापसाची गाडी उलटली त्यात. भरलं घर होतं. आता काई राह्यलं नाई.”

सरांनी मान हलवली. जमनीनं चहाचा कप त्यांच्यापुढं धरला. थोरल्याची बायको ती. तो गेल्यावर तिचे भाऊ बोरी अरबहून दोनदा न्यायला आले होते आणि दोनदा रिकामे परत गेले होते. दोन एकराची पराटी, म्हणजे कपाशी, तीच बघायची, सासूचे गुडघे तीच चोळायची. सर कप घेईपर्यंत ती उभी राहिली आणि आत गेली. सेवादासनं याडीचं हे बोलणं इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्याला ते ऐकूही आलं नाही. तो मनात चाल धरून बसला होता.

प्रार्थनेची जागा म्हणजे चार खांबांवरचे टिनपत्रे. आठ घरं, तीसेक माणसं. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. सर अगदी मागं, मांडीवर छापील गुणपत्रक घेऊन. सेवादासनं शास्त्रवाचन केलं, कागद पवित्र शास्त्रात ठेवला आणि शास्त्र मिटलं. मागं सरांची मान वर झाली. ते पाहून त्यानं डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली.

पहिल्या ओळीला बाया एकमेकींकडं बघू लागल्या. दुसऱ्या ओळीला एका म्हातारीनं ओढणी तोंडावर ओढली. रडायला लागल्या, असं त्याला वाटलं, आणि त्यानं सूर आणखी लांबवला. मग हसण्याचा आवाज आला.

“बंद कर ते.”

बिजलीबाई खांबाला धरून उभी राहिली होती.

“याडी, उपदेश सुरू हाय.”

“उपदेश कर ना. ढावलो कायले म्हणून राह्यला? ढावलो बाईचा असते. घर सोडते तवा म्हणते ते. तू कोणतं घर सोडलं?”

“बाप तर सगळंच गात होता.”

“सगळं गायला तुहा बाप. ढावल्याले हात नाई लावला त्यानं. इचार यायले.” तिनं बायांकडं हात केला. “चार वर्सं कॉलेजात घातले तुले. गाणं तं आमच्यापाशी होतंच. पुस्तकात काय हाय ते सांग. त्याच्यासाठी धाडलं तुले.”

एवढं बोलून ती खाली बसली. सेवादासनं मागं पाहिलं. सर हसत असते तर बरं झालं असतं. सर हसत नव्हते. खाली मान घालून काहीतरी लिहीत होते. आठ दिवस ज्यांच्यासाठी तो भांडत होता, त्यांनीच त्याला थांबवलं होतं, आणि आता कोणाकडं रागानं बघावं हेही त्याला समजेना. त्यानं शास्त्र उघडून कागद काढला. उघड्या शास्त्रावर तो दाबून धरला.

“पहिला मुद्दा,” तो वाचू लागला. “रूथची निष्ठा.”

तो वेगानं वाचत गेला, शब्द तोडून तोडून, सरांच्या कपाळावर एकेक मारल्यासारखा. निष्ठा झाली. दुसरा मुद्दा, रूथची निवड, तोही झाला. मग दोघी बेथलेहेमात पोचल्या. सासूला ओळखून गावातल्या बाया गोळा झाल्या. तेव्हा नामी, म्हणजे ती सासू, त्यांना म्हणाली की मी इथून भरलेली गेले होते आणि देवानं मला रिकामी परत आणलं.

“तिसरा मुद्दा. रूथची नम्रता. रूथ यावर एक शब्दही बोलली नाही.”

“तवा रूथ कुठं होती?”

बायांच्या मागच्या ओळीतून आवाज आला. जमनी होती.

“भाबी, शेवटी इचार.” त्याचा आवाज चढला होता. “वेळ लावलेला हाय.”

“सासू गावाले सांगून राह्यली का मी खाली आली. तवा रूथ कुठं होती?”

“बाजूलेच. दोघी संगंच आल्या ना.”

“मंग तिनं आयकलं असन.”

“आयकलं असन.”

“अन् काई बोलली नाई?”

सेवादासनं कागदाकडं पाहिलं. मग शास्त्रात पाहिलं. तो अध्याय त्याला पाठ होता, तरी पाहिलं.

“तसं लिहिलं नाही.”

“लिहिलं नाई म्हणजे बोलली नाई, असं असते का?”

मागं सरांचं लिहिणं थांबलं. जमनी उठली. ओढणी डोक्यावरून सारखी केली आणि तिनं ढावलो धरला. सेवादासनं धरलेला सूर गोड होता. हा खालचा होता, दगडावर दगड घासावा तसा. ती गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, गात होती. सर्वांत मागं एक म्हातारबा सरांच्या कानाशी वाकून त्याचं मराठी करून सांगू लागला.

भरली गेली, रिती आली, सांगतेस गावाला,
सासू, तुझ्या मागं चालत आली ती कोण गं?
आईचं दार सोडलं, भावाचा हात सोडला,
तुझ्या चुलीत लाकूड सारते तो हात कोणाचा गं?
लेक गेला तुझा, मान्य. माझा कोण गेला गं?
माझ्याकडं बघ सासू, आणि मग म्हण रिकामी.

ढावलो म्हणताना समोरचीच्या गळ्यात पडायचं असतं. गाणारी रडते, जिला म्हणायचं ती रडते, आणि दोघी एकमेकींना धरून ठेवतात. जमनी कोणाच्या गळ्यात पडली नाही. हात खाली सोडून ती उभी होती आणि डोळे कोरडे होते. बाया वाट बघत राहिल्या. बिजलीबाई जमिनीकडं बघत होती. तिच्या बोटांनी सतरंजीचा एक दोरा उपसून काढला होता आणि ती तो आणखी ओढत होती.

जमनी खाली बसली.

सेवादासच्या हाताखाली समारोपाचं पान होतं. त्यावर पहिलंच वाक्य होतं: आपणही रूथसारखे मुकाट्याने सेवा करू या. त्यानं ते वाचलं नाही. डोळे मिटून तो म्हणाला, “प्रभू, आम्ही आयकलं नव्हतं,” आणि शास्त्र मिटलं. शेवटी कोणीतरी आमेन म्हटलं.

माणसं पांगल्यावर सरांनी त्याला बोलावलं. ते अजून सतरंजीवरच बसले होते.

“तुझी अकरा मिनिटं. बाकीची तुझी नाहीत.”

“हो सर.”

“समारोप वाचला नाहीस.”

“वाचला असता तर खोटं झालं असतं. तिसरा मुद्दापण खोटाच होता सर. मीच लिहिला तो.”

“मी पाहून दिला होता,” सर म्हणाले. “सव्वीस वर्षं झाली रूथ शिकवतोय. नम्रता. दरवर्षी.” त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. “तुला मी पास करू शकत नाही, राठोड.”

“नका करू.”

“वर्ष जाईल. राळेगावले मले कळवा लागन.”

“कळवा सर.” कागदाची घडी करून त्यानं ती शास्त्रात ठेवली.

जमनी सतरंज्या गोळा करत तिथवर आली तसे सर उठले. त्यांनी गुणपत्रक तिच्यापुढं धरलं, जणू तिनं ते तपासून द्यावं.

“उपदेशकाचं नाव, असा रकाना आहे बाई इथं. राठोड लिहिलं होतं, ते खोडलं मी. कॉलेजात हे कोणी मानणार नाही, पण कागदावर तरी खरं राहू द्या. पूर्ण नाव सांगा तुमचं.”

“जमनी.”

“पुढं?”

तिनं काखेतली सतरंजी सावरली. तांड्यातली बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, तो असला तरी आणि नसला तरी. सरांचा पेन थांबून राहिला. सेवादासनं सांगायला तोंड उघडलं.

“बादल.”

खांबाशी बसलेली बिजलीबाई बोलली होती. थोरला गेल्यापासून तिनं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. गुडघ्यावर हात रोवून ती उठायला लागली, निम्म्यावर अडली, आणि सेवादास पुढं झाला तर तिनं त्याला हातानंच बाजूला केलं. तिनं हात जमनीकडं केला होता.

जमनीनं लगेच धरला नाही. काखेतली सतरंजी तिनं आधी खाली ठेवली. मग धरला.

“जमनी बादल राठोड,” उभी राहिल्यावर बिजलीबाई सरांना म्हणाली. “माह्या घरची हाय ते. लिहा.”