वावभर दोर

मी एक जुनी रिंग आहे, पाण्यात बुडणाऱ्या माणसाकडे फेकतात ती. मित्रांनो, आज माझा रंग विटला आहे. पण कारखान्यातून आले तेव्हा मी झळझळीत नारिंगी होते. अंगावर इंग्रजीत एकच शब्द रंगवलेला होता, म्युनिसिपल. तळ्याकाठच्या खांबावर मला टांगले आणि लांबलचक दोर बांधला. मला धरणाऱ्याला त्या दोराने काठावर ओढून घ्यायचे, एवढेच माझे काम.

तळ्याचे राखणदार म्हणजे सगळ्या मुलांचे काका. ते मला रोज पुसत. मुले अक्षरे जुळवून माझ्यावरचा शब्द वाचत आणि त्यांना अर्थ विचारत.

"म्युनिसिपल म्हणजे शहराचं," काका सांगत. "म्युनिसिपल शाळा, म्युनिसिपल दवाखाना, म्युनिसिपल बाग. जे सगळ्यांचं मिळून असतं, त्याच्याआधी हा शब्द लावायचा."

"मग माझं म्युनिसिपल दप्तर!" शिंप्याची मुलगी म्हणाली.

"ते तुझं एकटीचं. त्याला नाही लागत."

"आणि तुम्ही?"

"मी पक्का म्युनिसिपल! नाहीतर तुम्हा माकडांना कोण सांभाळणार?"

मोठ्या माणसांच्या तोंडी मात्र त्या शब्दाचा अर्थ 'कोणाचेच नाही' असा झाला होता. एकदा लॉन्ड्रीवाल्याने कपडे वाळत घालायला माझा वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर भरेल एवढा, दोर कापला.

"अहो, काय करताय हे?" काका धावत आले.

"म्युनिसिपलचा तर आहे, काका. तुमच्या घरचं काय जातंय?"

मग कोणी पाळण्यासाठी कापला, कोणी बादलीसाठी. काका कचेरीत खेटे घालून थकले. "येईल हो दोर, घाई काय आहे?" असे तिथले साहेब म्हणत. शेवटी माझ्या अंगावर नुसती गाठ उरली.

एका वाऱ्याच्या दुपारी शिंप्याची तीच मुलगी शेवाळावरून घसरून पाण्यात पडली. काकांनी मला अचूक फेकले. तिने मला घट्ट धरले. पण ओढणार कशाने? वारा आम्हा दोघींना आत आत नेऊ लागला. तिचे हात सुटू लागले, तेव्हा काका त्या वयात पाण्यात उतरले. त्यांनी आम्हाला ढकलत काठाला लावले. लोकांनी मुलीला वर ओढले आणि सगळे तिच्याभोवती जमले. काका मागे पाण्यातच राहिले. लोकांना त्यांची आठवण झाली, तेव्हा पाणी शांत झाले होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या खांबाशी दोरांचा ढीग पडला. लॉन्ड्रीवालाही आला. काकांच्या पत्नीसमोर त्याची मान वर होईना.

"वहिनी, हा घ्या. अगदी नवा आहे."

"नवा कशाला आणलात, भाऊजी? तो जुनाच पुरला असता."

एवढे बोलून तिने त्याच्या हातातला दोर घेतला आणि डोळे पुसत मला बांधला. मुले तळ्यावर यायची थांबणार नव्हती.

मित्रांनो, सगळ्यांच्या वस्तूला कोणी हात लावताना दिसले, तर गप्प बसू नका. माझा दोर कापला जात होता, तेव्हा काका एकटेच ओरडत होते.