हुगळीचे पाणी मोजताना

मित्रांनो, तुमच्याशी बोलणारा मी एक जुना सागवानी खांब आहे. खिदिरपूरच्या गोदीजवळ, हुगळीच्या एका लहानशा घाटावर पायऱ्यांना खेटून उभा असतो. माझ्या अंगावर आकडे आहेत. पाणी कुठवर चढले ते बघायचे आणि तिथला आकडा वाचायचा, एवढेच माझ्याकडे काम. तुम्हाला ते कंटाळवाणे वाटेल, मला कधीच वाटले नाही. भरतीला गार पाणी गळ्याशी येते, ओहोटीला हळूच उतरते, आणि मधल्या वेळात मी उभ्या उभ्या स्वप्ने पाहतो.

स्वप्नात मला माझे भाऊबंद दिसतात. कुणी ब्रह्मपुत्रेत उभा आहे, कुणी कोकणातल्या खाडीत. डोंगरावर पाऊस झेलणारे भांडे आहे, माळावर ऊन सोसणारा पारा आहे. सगळे आपापला आकडा पुटपुटत असतात, आणि ते ऐकत एक मोठा देश झोपेत कुशीवर वळतो.

मला गोदीतल्या सुतारांनी तासले. माझा शून्य नेमका कुठे यावा, यासाठी मोजणीखात्याची माणसे दुर्बीण लावून भर उन्हात दिवसभर वाद घालत होती. त्या वादाचा मला फार अभिमान आहे. पुढे कितीतरी वर्षे माझा शब्द प्रमाण मानला गेला. मग माझे आकडे वाचणारे ओळखीचे लोक एकेक करून निवृत्त झाले. माझ्या पायाशी गाळ साचत गेला, शून्य त्यात बुडाला, रंगाचे पोपडे निघाले.

अशात एका वर्षी पूजा आली. दुर्गेच्या विसर्जनाला घाट सुंदर दिसावा म्हणून मोहल्ल्याच्या पूजा समितीने पायऱ्या धुतल्या, दिव्यांच्या माळा लावल्या आणि मलाही तांबडा-पांढरा रंग दिला. किती मायेने दिला म्हणून सांगू! पण आकडे लिहिताना त्यांनी गाळाच्या वर मी जिथून दिसत होतो, तिथूनच सुरुवात केली. सगळे आकडे हातभर वर सरकले. धोक्याची लाल खूणही सरकली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी नव्या नवरदेवासारखा नटलो होतो आणि त्या दिवसापासून खोटे बोलत होतो.

तेव्हा देशात एक मोठी मोजणी चालू होती. कुठल्या वस्तीला पुराचा, वादळाचा, उन्हाचा किती धोका आहे, तिथली माणसे त्याला किती तोंड देऊ शकतील, आणि वर्षागणिक तो धोका वाढतो की घटतो, हे त्यात पाहत. पाणी हातभर कमी दाखवणारे माझे नवे आकडे तिकडे गेले. आमचा घाट सुरक्षित ठरला. वादळाआधी ज्यांना हलवायचे, त्या वस्त्यांतून आमची गल्ली वगळली गेली.

माझ्या अगदी समोर मिनोतीचे घर आहे. ती घाटावर चहा विकते. वादळाची बातमी आली की शेजारणी बंगालीत विचारत, "जाबि ना?", म्हणजे जाणार नाहीस का, आणि ती माझ्याकडे बोट दाखवी. कुणी हिंदीत विचारले तर म्हणे, "लाल दाग तक पानी आएगा, तब हम जाएगा. खंबा झूठ नहीं बोलता." तिचा तो विश्वास मला सहन होत नसे. मला ओरडावेसे वाटे. पण लाकडाला तोंड कुठले?

मग अनुराधा आली. मोजणीखात्यातली अधिकारी, पुण्याहून बदलून आलेली. पहिल्या भेटीत मला न्याहाळून तिने कपाळाला आठी घातली. त्या रविवारी ती नवऱ्याला, गुरुदत्तला, घेऊन पुन्हा आली.

"एका खांबापायी अख्खी सुट्टी घालवणार का तू?" तो चहाचा मातीचा पेला फुंकत म्हणाला.

"अरे, वरच्या घाटावर पाणी चढलंय, खालच्या घाटावर चढलंय. मधे इथेच कसं उतरेल?"

तिने पर्समधून किल्ली काढली आणि माझा रंग खरवडला. आतून जुना आकडा डोकावला. मित्रांनो, मला गुदगुल्या झाल्या आणि रडूही आले. गाळ काढून, दुर्बीण लावून तिने माझा शून्य शोधला.

पण पुढच्या खेपेला ती खिन्न दिसली. "साहेब म्हणतात, अहवाल गेलेत. मागचे आकडे बदलले तर सगळ्या किनाऱ्याचा धोका पुन्हा वाढलेला दिसेल. सुधारणा दिसतेय ती का पुसायची?"

"मग?" गुरुदत्तने विचारले.

"मग काय! वाढलेलाच आहे ना तो!"

ती मागे हटली नाही. मागची सगळी वर्षे दुरुस्त झाली, देशाच्या नकाशावर आमचा ठिपका पुन्हा लाल झाला. लाल खूण हातभर खाली आली तेव्हा मिनोती रुसली. "दीदी, अब तो हर बार भागना पड़ेगा," ती म्हणाली. अनुराधाने तिच्याच बाकावर बसून तिला सगळे समजावले.

वैशाखात वादळ आले. सकाळीच पाणी नव्या खुणेला टेकले. मिनोतीने माझ्याकडे पाहिले, शेगडी तिथेच सोडली आणि गल्लीतल्या सगळ्यांबरोबर शाळेच्या इमारतीत गेली. दुपारी नदी आली. घाट बुडाला, मी बुडालो. गढूळ अंधारात मी नेहमीसारखाच तरंगत्या स्वप्नात गेलो.

पाणी उतरल्यावर मिनोती आणि अनुराधा दोघी आल्या. मिनोतीच्या दाराची चौकट तेवढी उभी होती. चौकटीवर चिखलाची ओली रेघ उमटली होती. मिनोती चौकटीत उभी राहिली. रेघ तिच्या डोक्याच्याही वर होती. तिने हात उंच करून रेघेला बोट लावले.

मित्रांनो, मोजणाऱ्याकडून गोड बातमीची आशा करू नका. त्याचा रंग जपा, त्याच्या पायातला गाळ काढा, आणि त्याने धोका सांगितला तर त्याच्यावर रागावू नका. मला तुमचे कौतुक नको. मिनोतीने आज पुन्हा शेगडी पेटवली आहे, आणि तिचा धूर माझ्यापर्यंत येतो आहे.